तुमच्या प्रोग्रॅममध्ये आणखी कोणाकोणाचा कोड आहे? यादी अशी काढा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना कंट्रोलर बोर्ड, मोजमापाची उपकरणे किंवा त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर पुरवणारे लहान उद्योग आहेत. ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून त्यांच्याकडे अलीकडे एका नव्या कागदाची विचारणा होते: एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी दिसते. स्वतःच्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा प्रकल्प परीक्षकांसमोर, प्रयोगशाळेतल्या संगणकावर अडतो. दोघांच्या अडचणीचे मूळ मात्र एकच. आपल्या सोर्स कोडला बाहेरच्या कोणत्या फाइली, लायब्ररी आणि पॅकेजेस लागतात याची खरी यादी त्यांच्याजवळ नसते. असलीच तर ती आठवणीतून, एक्सेलमध्ये हाताने भरलेली असते.

म्हणून सर्वांत आग्रहाचे सांगणे आधी सांगतो. ही यादी हाताने लिहू नका. ज्या साधनाने तुमचा प्रोग्रॅम बांधला जातो त्याच साधनाकडून, बांधणीच्या वेळीच, ती लिहून घ्या. कंपायलरला आणि पॅकेज मॅनेजरला ती ठाऊक असतेच, कारण त्याशिवाय त्यांचे काम होत नाही. तुम्हाला फक्त टर्मिनलवर ती मागायची असते.

या लेखातल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंका. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

आधी ठरवा: यादी कोण वाचणार आहे?

'डिपेंडन्सी लिस्ट' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. एकीच्या जागी दुसरी दिली तर ती परत येते.

- फाइलींची यादी. ही 'मेक'सारखे बांधणीचे साधन वाचते. कोणती हेडर फाईल बदलली की कोणत्या फाइली पुन्हा कंपाईल करायच्या, एवढेच त्याला हवे असते. सी आणि सी++ मध्ये काम करणाऱ्यांना ही रोज लागते.
- पॅकेजेसची यादी. ही दुसरा माणूस किंवा दुसरा संगणक वाचतो. नाव आणि नेमकी आवृत्ती पाहून त्याला तुमच्यासारखीच मांडणी उभी करायची असते.
- एसबॉम. ही ग्राहक, त्याचा सुरक्षा विभाग किंवा लेखापरीक्षक वाचतो. नाव आणि आवृत्तीबरोबर पुरवठादार, परवाना, चेकसम आणि कोणता घटक कोणावर अवलंबून आहे हेही त्यात लागते.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या शहराला बिल ऑफ मटेरियल्स म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. जोडणीत कोणते बेअरिंग, कोणाचे, कोणत्या रिव्हिजनचे, हे लिहिल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. एसबॉम हे नाव तिथूनच आले आहे आणि शिस्तही तीच आहे.

सी आणि सी++: कंपायलरलाच विचारा

जीसीसी किंवा क्लँग वापरत असाल तर वेगळे काहीही बसवावे लागत नाही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या. यातली दोन्ही 'एम' मोठ्या अक्षरांतली:

`जीसीसी -एमएम मेन.सी`

पडद्यावर साधारण अशी ओळ येईल:

`मेन.ओ: मेन.सी मोटर.एच कॉन्फिग.एच`

अर्थ सरळ आहे. कोलनच्या उजवीकडची कोणतीही फाईल बदलली तर डावीकडची ऑब्जेक्ट फाईल जुनी झाली. मोटर.एच ही फाईल आणखी कोणाला आत ओढत असेल तर तीही या ओळीत येते. हाताने लिहिताना नेमकी हीच दुसऱ्या पातळीवरची नावे सुटतात.

एकच 'एम' दिला तर एसटीडीआयओ.एच सारखी सिस्टिमची हेडरही यादीत येतात. रोजच्या कामाला ती नकोत. पण कंपायलर बदलल्यावर नेमके काय बदलले हे शोधायचे असेल तर तीच यादी कामाला येते.

ही आज्ञा फक्त यादी देते, प्रोग्रॅम कंपाईल करत नाही. एकदा काढून ठेवलेली यादी पुढच्या आठवड्यात खोटी ठरते, कारण मधल्या काळात कोणीतरी नवे हेडर जोडलेले असते. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'मेकडिपेंड' नावाचे वेगळे साधन वारंवार चालवायला सांगितलेले आढळेल. आज त्याची गरज नाही. कंपाईल करतानाच यादी बाजूला लिहून घेता येते, आणि तेच करावे:

`जीसीसी -एमएमडी -एमपी -सी मोटर.सी -ओ बिल्ड/मोटर.ओ`

पहिल्या दोन पर्यायांतली अक्षरे मोठी, 'सी' आणि 'ओ' लहान. मोटर.ओ च्या शेजारी मोटर.डी नावाची छोटी फाईल तयार होते. मेकफाईलच्या शेवटी 'इन्क्लूड' या शब्दाने अशा सगळ्या .डी फाइली आत घ्या आणि त्या शब्दाच्या आधी ऋणचिन्ह लावायला विसरू नका. त्यामुळे पहिल्या बांधणीत, .डी फाइली अजून तयार नसताना, मेक तक्रार करून थांबत नाही.

'-एमपी' अनेक जण वगळतात आणि मग अडकतात. एखादे हेडर तुम्ही खोडून टाकले, पण जुन्या .डी फाइलीत त्याचे नाव आहे, तर मेक म्हणते की ही फाईल कशी बनवायची ते मला माहीत नाही. '-एमपी' प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहून ही अडचण आधीच मिटवते.

ही यादी नसेल तर काय होते?

इथे थोडे थांबायला हवे, कारण ही चूक दिसत नाही. मोटर.एच मधल्या एका स्ट्रक्चरमध्ये तुम्ही मध्येच एक नवा घटक घातला. मेकला ही डिपेंडन्सी माहीत नसल्याने त्याने मोटर.सी तेवढी पुन्हा कंपाईल केली, डिस्प्ले.सी जुनीच ठेवली. आता दोन ऑब्जेक्ट फाइलींच्या समजुतीत त्याच स्ट्रक्चरचा आकार वेगवेगळा आहे. लिंकर दोघांना जोडून देतो. कोणतीही सूचना येत नाही. बोर्डवर मात्र वेगाच्या जागी तापमान दिसते, किंवा कधीतरी, विनाकारण, कंट्रोलर रिसेट होतो. मग हार्डवेअरवर संशय जातो आणि चांगले बोर्ड बदलले जातात.

अशा वेळी 'मेक क्लीन करून पुन्हा बांधा' हा सल्ला मिळतो आणि दोष नाहीसा होतो. तो दोष डिपेंडन्सीच्या यादीतला होता हे कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या कंपनीत सगळे जण सवयीने आधी 'मेक क्लीन' करत असतील, तर मेकफाईल तपासायची वेळ झाली आहे असे समजा.

फर्मवेअर करणाऱ्यांनी सांभाळायच्या जागा

- कंपायलर तोच हवा. बोर्डसाठी एआरएमचा क्रॉस-कंपायलर वापरत असाल तर यादीही त्याच्याकडूनच घ्या. लॅपटॉपवरच्या साध्या जीसीसीने काढलेली यादी वेगळ्या हेडरांची असते.
- मॅक्रो तेच हवेत. एकाच कोडमधून दोन ग्राहकांसाठी दोन बांधण्या निघतात, आणि कोणते हेडर आत येणार हे मॅक्रो ठरवतात. कंपायलर फक्त दिलेल्या मॅक्रोंपुरतेच खरे सांगतो. प्रत्येक बांधणीचे फोल्डर वेगळे ठेवा.
- फोल्डरचा रस्ता तपासा. '-एमएम' एकट्याने चालवले तर निकालातून फोल्डरचे नाव गळते. एसआरसी/मोटर.सी दिली तरी डावीकडे नुसते मोटर.ओ येते. तुमच्या ऑब्जेक्ट फाइली बिल्ड फोल्डरमध्ये असतील तर मेक ते नाव ओळखत नाही. वर दिलेल्या पद्धतीत '-ओ' असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.
- फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. मेक मोकळ्या जागेला दोन नावांमधली सीमा समजते. 'न्यू फोल्डर'मध्ये ठेवलेला प्रकल्प याच कारणाने तुटतो.
- मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरणाऱ्यांसाठी 'शोइन्क्लूड्स' हा पर्याय आहे. तो आत घेतलेले प्रत्येक हेडर पडद्यावर लिहितो.

पायथन: 'पिप फ्रीझ' काय सांगते, काय नाही

विद्यार्थ्यांच्या बहुतेक अडचणी इथल्या असतात, म्हणून क्रमाने पाहू.

१. प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा: `पायथन -एम व्हेन्व्ह एन्व्ह`. (इथला 'एम' लहान.)
२. ते सुरू करा आणि प्रकल्पाला लागणारी पॅकेजेस त्यातच बसवा.
३. प्रोग्रॅम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून पाहा.
४. मग `पिप फ्रीझ` द्या आणि निकाल रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी या फाइलीत साठवा.
५. दुसरे, रिकामे एन्व्हायर्नमेंट बनवा, त्या फाइलीवरून सगळे बसवा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. ही पायरी गाळू नका. यादी खरी आहे की नाही हे इथेच कळते.

पहिली पायरी वगळली तर 'पिप फ्रीझ' तुमच्या संगणकावर आजवर बसवलेले सगळे ओतून देते. कोणत्या तरी जुन्या कार्यशाळेत बसवलेली पॅकेजेसही प्रकल्पाची गरज म्हणून पुढे जातात. ही आज्ञा कोड वाचत नाही, फक्त एन्व्हायर्नमेंटमध्ये काय बसले आहे ते सांगते. कोणते पॅकेज तुम्ही मागितले आणि कोणते त्याच्या पाठोपाठ आले, हेही तिच्यात दिसत नाही. ते पाहायला 'पिपडेपट्री' बसवून चालवा. ते झाडासारखी मांडणी दाखवते.

यापुढच्या चार अडचणी जवळजवळ प्रत्येक वर्गात येतात.

अॅनाकोंडा वापरत असाल तर यादीत काही नावांपुढे '@ फाईल' आणि कोणत्या तरी संगणकावरचा रस्ता येतो. तो रस्ता इतरांकडे नसतो आणि बसवणे फसते. त्याऐवजी `पिप लिस्ट --फॉरमॅट=फ्रीझ` द्या, किंवा कोंडाचीच `कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट` ही आज्ञा वापरा.

विंडोजची जुनी पॉवरशेल (आवृत्ती ५.१) बाणाच्या चिन्हाने साठवलेली फाईल यूटीएफ-१६ मध्ये लिहिते. डोळ्यांना ती ठीक दिसते, पण बऱ्याच साधनांना वाचता येत नाही. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून साठवा, किंवा पॉवरशेल ७ वापरा.

कोडमधले नाव आणि पॅकेजचे नाव वेगळे असू शकते. कोडमध्ये 'सीव्ही२' लिहिता, बसवावे लागते 'ओपनसीव्ही-पायथन'. 'पीआयएल'साठी 'पिलो', 'वायएएमएल'साठी 'पायवायएएमएल', 'बीएस४'साठी 'ब्यूटिफुलसूप४'. इम्पोर्ट पाहून हाताने यादी केली की इथे चुकते. अंदाजाने नाव टंकून पॅकेज बसवणे तर धोक्याचे आहे, कारण परिचित नावांशी मिळतीजुळती नावे देऊन घातक पॅकेजेस टाकली जातात.

पिपला पायथनबाहेरचे काही दिसत नाही. छापील मराठी मजकूर ओळखण्याचा प्रकल्प घ्या. यादीत 'पायटेसरॅक्ट' येते, पण ते केवळ दुवा आहे. प्रत्यक्ष ओळख करणारा टेसरॅक्ट प्रोग्रॅम आणि त्याची मराठीची प्रशिक्षित डेटा फाईल, दोन्ही वेगळी बसवावी लागतात. यादी बरोबर, पॅकेजेस बरोबर, तरी प्रयोगशाळेत प्रकल्प चालत नाही तो यामुळे. अशा बाहेरच्या गोष्टी, पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम, एवढे मात्र रीडमी फाइलीत तुम्हालाच लिहावे लागेल.

नोड, जावा, गो, रस्ट

या भाषांत काम सोपे आहे, कारण पॅकेज मॅनेजर यादी आधीपासून सांभाळतो.

- नोड: `एनपीएम एलएस --ऑल`. 'ऑल' दिला नाही तर फक्त वरची पातळी दिसते. पॅकेज-लॉक.जेसन ही फाईल नेहमी कोडसोबत ठेवा आणि दुसऱ्या संगणकावर `एनपीएम सीआय` वापरा. ती लॉक फाइलीतल्या आवृत्त्या जशाच्या तशा बसवते.
- जावा: मेव्हनमध्ये `एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री`, ग्रेडलमध्ये `ग्रेडल डिपेंडन्सीज`.
- गो: `गो लिस्ट -एम ऑल`. रस्ट: `कार्गो ट्री`. (गोमधला 'एम' लहान.)

जावावाल्यांनी झाडाच्या खालच्या फांद्या वाचायची सवय लावून घ्यावी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लायब्ररीतला गंभीर दोष (सीव्हीई-२०२१-४४२२८) जाहीर झाला, तेव्हा असंख्य संस्थांना आपल्याकडे ती आहे की नाही हेच सांगता येईना. त्यांनी ती स्वतः मागितली नव्हती. ती दुसऱ्या कोणत्या तरी पॅकेजमागून आलेली होती.

ग्राहकाने एसबॉम मागितली असेल तर

यासाठी मोफत, खुल्या स्रोताची दोन साधने अधिक वापरली जातात: सिफ्ट आणि ट्रिव्ही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभे राहून:

`सिफ्ट डिर:. -ओ सायक्लोनडीएक्स-जेसन=यादी.जेसन`

`ट्रिव्ही एफएस --फॉरमॅट सायक्लोनडीएक्स --आउटपुट यादी.जेसन .`

'डिर:' नंतरचा आणि ट्रिव्हीच्या शेवटचा एकटा पूर्णविराम म्हणजे 'हेच फोल्डर', तो सोडू नका. 'यादी'च्या जागी तुमचे रोमन नाव द्या.

निकालासाठी दोन नमुने सर्वमान्य आहेत: एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स. एसपीडीएक्स २०२१ पासून आयएसओ मानक आहे (आयएसओ/आयईसी ५९६२). कोणता नमुना हवा ते ग्राहकाला लेखी विचारा. बहुतेकदा दोन्ही चालतात. पीडीएफ चालत नाही, कारण ही फाईल यंत्राने वाचायची असते.

फर्मवेअरच्या बाबतीत या साधनांवर विसंबू नका. ती पॅकेज मॅनेजरच्या खुणा शोधतात. सी च्या प्रकल्पात त्या नसतात, म्हणून यादी जवळजवळ रिकामी येते आणि ती तशीच पाठवली जाते. ग्राहकाचा समज होतो की तुम्ही सगळे स्वतः लिहिले आहे. प्रत्यक्षात एसटीएम३२ च्या प्रकल्पात 'मिडलवेअर्स' फोल्डर उघडा, आत 'थर्ड पार्टी'मध्ये फ्रीआरटॉस, एलडब्ल्यूआयपी, फॅटएफएस बसलेले सापडतील.

इथे पहिल्या यादीचा उपयोग करा. .डी फाइलींमध्ये ज्या बाहेरच्या फोल्डरांची हेडर येतात, ते घटक बांधणीत आहेत. लिंकरकडून मॅप फाईल मागून घ्या. अंतिम बायनरीत कोणाच्या ऑब्जेक्ट फाइली खरोखर गेल्या ते तीत दिसते. आवृत्ती त्या घटकाच्या हेडरमध्येच लिहिलेली असते. फ्रीआरटॉसची टास्क.एच मध्ये 'कर्नल व्हर्जन नंबर' या नावाने सापडते. नेमकी आवृत्ती लिहा, 'लेटेस्ट' लिहू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघड झाला. तो ५.६.० आणि ५.६.१ या दोनच आवृत्त्यांत होता. ज्यांच्या यादीत आवृत्ती होती त्यांना उत्तर लगेच देता आले.

लिनक्सवर चालणारी, दुसऱ्याकडून आलेली बायनरी तपासताना अनोळखी फाइलीवर 'एलडीडी' चालवू नका. काही परिस्थितींत ती फाईल प्रत्यक्ष चालू होऊ शकते. `रीडएल्फ -डी` (लहान 'डी') सुरक्षित आहे.

पुरवठादाराच्या रकान्यात कंपनीचे नोंदणीकृत नाव, दरवेळी त्याच अक्षरांत, लिहा. शहराचे अधिकृत नाव २०२३ मध्ये बदलले, तुमच्या कंपनीच्या नावातले 'औरंगाबाद' नोंदणीत बदलले नसेल तर तेच राहू द्या. दोन याद्यांत दोन नावे आली तर साधने त्यांना दोन पुरवठादार धरतात.

मागणी कशाच्या आधारावर येते?

भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची दुसरी, विस्तारित आवृत्ती आणली. सरकारी व सार्वजनिक संस्था, अत्यावश्यक सेवा आणि सॉफ्टवेअरची निर्यात व सेवा करणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून त्या लिहिल्या आहेत. चिकलठाण्याच्या एसटीपीआय केंद्रातून निर्यात करणाऱ्यांनी त्या वाचायलाच हव्यात. सेबीने २० ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना एसबॉम मागायला सांगितली आहे. त्यामुळे दलाली पेढ्या किंवा म्युच्युअल फंडांना सॉफ्टवेअर देणाऱ्यांकडे ती मागणी करारातून येते.

सर्ट-इनच्या रकान्यांत परवाना, डिपेंडन्सी, चेकसम यांच्याबरोबर पॅचची स्थिती, आधार कधी संपणार ती तारीख आणि घटक किती महत्त्वाचा आहे हेही येते. सिफ्ट किंवा ट्रिव्ही हे भरून देत नाहीत. त्यासाठी अनुभवी माणसाचा वेळ राखून ठेवा आणि कोटेशनमध्ये तो धरा.

युरोपात यंत्रे किंवा उपकरणे पाठवत असाल तर तिथला सायबर रेझिलिअन्स कायदा १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आला आहे. गैरफायदा घेतल्या जाणाऱ्या दोषांची खबर देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, उरलेली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून. एसबॉम त्यात सक्तीची आहे, किमान वरच्या पातळीच्या डिपेंडन्सींसाठी. युरोपच्या टाइप अॅप्रूव्हलखाली येणाऱ्या मोटारींना हा कायदा लागू नाही. तिथे संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५५ लागू होतो आणि ग्राहकाची मागणी त्या अंगाने येते.

तुमचे हक्क

- यादी म्हणजे सोर्स कोड नव्हे. एसबॉम दिली म्हणून सोर्स द्यावा लागत नाही. ग्राहक दोन्ही एका वाक्यात मागत असेल तर वेगळे करून लिहा.
- गोपनीयतेचा करार मागता येतो. युरोपचा कायदाही एसबॉम जाहीर करायला सांगत नाही. यादी देण्याआधी ती कोणाला दाखवली जाईल हे लेखी ठरवा.
- जीपीएल परवान्याचा घटक असेल तर गणित बदलते. तो मिसळलेली बायनरी ज्याला दिली, त्याला सोर्स मागण्याचा हक्क आहे. एजीपीएलमध्ये तो हक्क नेटवर्कवरून सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाही पोहोचतो. म्हणून परवान्याचा रकाना माल पाठवण्याआधी वाचा.
- फ्रीलान्स काम करत असाल तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत लिहिलेल्या कोडची पहिली मालक सर्वसाधारणपणे नोकरी देणारी कंपनी असते, पण स्वतंत्रपणे लिहिलेल्या कोडचे मालक तुम्हीच. हक्कांचे हस्तांतर करायचे तर लेखी आणि सहीनिशी. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचे आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते धरले जाते. करारात 'सर्व कोडचे हक्क देतो' असे लिहून घेतले जात असेल तर डिपेंडन्सीची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. तुमचा नसलेला कोड तुम्हाला देता येत नाही.
- विकत घेणारे असाल तर तुम्हीही एसबॉम मागा, पण खरेदी आदेशाच्या आधी. पैसे दिल्यावर मागितलेली यादी येण्याची घाई कोणालाच नसते.

यादी पाठवल्यानंतर

प्रत्येक रिलीजची यादी त्या रिलीजच्या बायनरीसोबत, तारखेसह जपून ठेवा. शेतात किंवा कारखान्यात आज चालू असलेल्या यंत्रावर दोन वर्षांपूर्वीचे फर्मवेअर असू शकते, आणि विचारणा त्याच आवृत्तीबद्दल होईल.

मग त्या यादीवर ज्ञात दोष तपासा. `ग्राइप एसबॉम:यादी.जेसन` ही आज्ञा किंवा गूगलचे ओएसव्ही-स्कॅनर हे काम करते. यादी काढायला इंटरनेट लागेलच असे नाही, पण दोषांची ताजी माहिती उतरवायला लागते. शॉप फ्लोअरवरच्या जाळ्याबाहेरच्या संगणकावरून यादी पेन ड्राइव्हने आणून कार्यालयात तपासली तरी चालते. ही तपासणी महिन्यातून एकदा जुन्या याद्यांवरही चालवा. कोड तोच राहतो, दोष मात्र नवे सापडत राहतात.

स्कॅनरने दाखवलेला प्रत्येक दोष तुम्हाला लागू होतोच असे नाही. दोष असलेले फंक्शन तुमच्या बांधणीत गेलेच नसेल तर तसे कारणासह लिहून द्या. त्यासाठी व्हेक्स नावाचा ठरलेला नमुना आहे आणि सर्ट-इनच्या सूचनांतही तो आहे. 'लागू नाही' एवढेच लिहून पाठवू नका. मॅप फाइलीतली ओळ पुरावा म्हणून जोडली की बहुतेक ग्राहक पुढे विचारत नाहीत.

दोषाचा वापर करून प्रत्यक्ष घुसखोरी झाल्याचे दिसले तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. हे बंधन लहान कंपन्यांनाही आहे. ईमेल कोणी पाठवायचा आणि त्या रिलीजची यादी कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ही दोन नावे आजच कागदावर लिहून कार्यालयात लावा.